भूतदया आणि गाठीचे चार पैसे

कार्तिकी आटोपून परत येताना आमच्या दिंडीतील एका जुन्या माळकऱ्यांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न दिसायला अगदी लहान आहे, पण त्याने आमची पुष्कळ दिवस झोप घेतली. तो सर्व वारकरी मंडळींपुढे ठेवावा, आणि आमच्या अल्प मतीस जे सुचले तेही मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

हे गृहस्थ सोलापूरकडे एका गिरणीत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून त्यांस महिन्याला अडीच हजारांच्या आतच रक्कम मिळते. या योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन महिना १००० रुपये ठरविण्यात आले, यावरून गिरणीकामगाराच्या म्हातारपणाची कल्पना वाचकांस येईल. मुलगी दिल्या घरी सुखी आहे. घरात पतिपत्नी दोघेच, आणि तिसरी मनी. मनी म्हणजे मांजर. तिला कोणी हौसेने आणलेली नाही. चौदा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात भिजलेले पिलू दाराशी आले, माउलीने वाटीभर दूध घातले, आणि ते राहिले.

आता मनीचे मूत्रपिंड निकामी होत चालले आहे. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सरळ सांगितले, हा रोग बरा होणारा नाही. पण आहार सांभाळला, अधूनमधून सलाईन दिले, मळमळीवर औषध दिले, तर काही महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षेही ती सुखाने काढील. खर्च ऐकून हे दोघे गप्प घरी आले. घरात वरकड पैसा म्हणून एकच, तो म्हणजे आषाढीच्या दिंडीची भिशी भरण्यासाठी महिन्या महिन्याला टाकून साठवलेला डबा.

ते आम्हांस म्हणाले, "महाराज, माळ घातल्यापासून एकतीस वर्षं आषाढी चुकली नाही. आता एका मांजरापायी चुकवू का? आणि तिला तशीच मरायला टाकून वारीला गेलो, तर पांडुरंगासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? ही भूतदया म्हणायची का मोह, तेवढं सांगा."

आता बोला! पुष्कळ लोक या प्रश्नाला हसतील. मांजरासाठी कसला डॉक्टर नि कसलं सलाईन, असे म्हणतील. पण ज्याच्या दारी चौदा वर्षे एक जीव उठला-बसला, त्याला हसू येत नाही. शिवाय हा प्रश्न आज एकट्याचा नाही. मुले पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईस, परदेशी गेलेली. घरात दोन म्हातारी माणसे आणि एखादे म्हातारे कुत्रे किंवा मांजर. माणसाचेही वय झाले, जनावराचेही झाले, आणि मिळकत तेवढी थांबली. अशी घरे आम्हांस गावोगाव दिसतात.

पहिला आक्षेप असा की, माणसे औषधावाचून मरत असता जनावरावर पैसा घालवणे हा अधर्म होय. हा आक्षेप खोटा नव्हे. आम्हीही म्हणतो, माणूस आधी. या गृहस्थांच्या कुटुंबास रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात. त्या गोळ्या बंद करून मनीला सलाईन द्यायचे असेल, तर आम्ही हात जोडून नको म्हणू. कर्ज काढायचे असेल, तरीही नको म्हणू. पण नीट पाहा, येथे प्रश्न उपाशी माणूस की मांजर असा नाहीच. प्रश्न मांजर की आपली भिशी, असा आहे. एका पारड्यात मुका जीव आहे, आणि दुसऱ्या पारड्यात दुसरा कोणी नसून आपण स्वतः, आपले पुण्य आणि आपला नेम आहे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे आक्षेपाचा जोर पुष्कळ कमी होतो. आणि जो गृहस्थ "माणसांना द्या की" म्हणून पुढे येतो, तो मांजराचे वाचलेले पैसे खरोखर माणसांना नेऊन देतो की नाही, हेही एकदा विचारून पाहावे.

आमच्या संप्रदायात या बाबतीत संतांनी काय केले, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. पैठणास ज्ञानोबामाउलींनी रेड्याच्या मुखातून वेद बोलविले. नाथमहाराजांनी काशीची कावड रामेश्वरास नेत असता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ती ओतली. कीर्तनात या कथा लागल्या की आपण माना डोलावतो. पण त्यांतल्या दोन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही.

एक म्हणजे रेड्याचे पुढे काय झाले? वेद बोलून झाल्यावर त्याचे काम संपले होते. चार भावंडांनी त्यास पैठणासच सोडून दिले असते तर कोणी नाव ठेवले नसते. परंपरा अशी सांगते की, त्यांनी त्यास बरोबर घेतले, नेवाशावरून आळंदीकडे येताना वाटेत जुन्नर तालुक्यात आळे येथे त्याने देह ठेवला, आणि तेथे त्यास समाधी दिली. ती समाधी आजही आहे, लोक दर्शनास जातात. चमत्कार झाला पैठणास, पण त्या मुक्या जिवाचा शेवटचा मुक्काम सांभाळला तो आळ्यास. आम्हांस तर वाटते, आळ्याची गोष्ट आपल्यासारख्या प्रपंचीकांस अधिक उपयोगाची आहे. रेड्याकडून वेद वदविणे आपल्या हातचे नाही. म्हाताऱ्या जनावराला अर्ध्या वाटेत न सोडणे आपल्या हातचे आहे.

दुसरी गोष्ट नाथमहाराजांची. ती कावड म्हणजेही नेमच होता. कित्येक महिन्यांची चाल त्या पाण्यात होती. आज आमचे माळकरी ज्या पेचात आहेत, तोच तो पेच. नाथांनी त्याचा उलगडा एका क्षणात केला. पण हेही पाहावे की, नाथांनी जे खांद्यावर होते तेच दिले. गाढवासाठी कोणापुढे हात पसरला नाही, सोबत्यांच्या कावडी ओढून घेतल्या नाहीत, ऋण काढले नाही. आपल्या गाठीचे असेल ते द्यावे, दुसऱ्याच्या गाठीचे देऊन दयाळू होऊ नये, हा त्या कथेतला हिशेब आहे, आणि तो दयेइतकाच मोलाचा आहे.

यावर कोणी अभ्यासू वारकरी म्हणेल, "महाराज, एवढीच बाजू सांगू नका. भागवतात भरताची कथाही आहे." खरे आहे, आणि ती टाळून चालणार नाही. पाचव्या स्कंधातला भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या तीरी तप करीत होता. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचे पाडस नदीत पडले. त्याने ते उचलले, वाढविले, आणि त्याच्यात इतका गुंतला की मरतेवेळी पाडसच डोळ्यांपुढे राहिले. पुढचा जन्म हरिणाचा आला. अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे. जाळ्यात सापडलेल्या पिलांसाठी मादी जाळ्यात पडली, आणि तिच्यासाठी तोही पडला. अवधूत त्यापासून काय शिकला, तर अतिस्नेह करू नये. नाथांच्या भागवतातून ही कथा घरोघर पोचली आहे.

मग मनीला सलाईन देणे म्हणजे भरताच्या वाटेने जाणे नव्हे काय?

आम्ही या कथेवर पुष्कळ विचार केला. भरताची चूक नेमकी कोठे झाली? वाहत्या पाण्यातून पाडस काढले, ती चूक काय? तसे कोणताही कथेकरी म्हणणार नाही. ते बुडताना पाहून तो डोळे मिटून जप करीत बसला असता, तर त्या जपाची किंमत काय राहिली असती? चूक पुढे झाली. पाडसासाठी स्नानसंध्या सुटली, पूजा सुटली. पाडसाचे दुःख दूर करणे राहिले बाजूला, आणि पाडसावाचून आपल्याला करमेना झाले. तेथे दया संपली आणि मोह सुरू झाला. दया दुसऱ्याच्या वेदनेकडे बघते, मोह आपल्या ओढीकडे बघतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोघांच्याही हातात दुधाची वाटी असते.

म्हणून ज्याला हा पेच पडला असेल त्याने तीन गोष्टी आपल्या मनाला विचाराव्या. पहिली, हा उपाय केल्याने त्या जिवाचा त्रास कमी होणार आहे, की नुसते त्याचे दिवस वाढून माझे रडणे पुढे ढकलले जाणार आहे? दुसरी, या जिवापायी माझा हरिपाठ, एकादशी, घरच्या माणसांशी बोलणे-चालणे सुटले आहे काय? तिसरी, शेजारच्या अनाथ मांजराला असाच त्रास होत असता माझ्या मनास काही वाटते, की सगळी दया एका मनीपाशीच संपते? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट आली तर भरताच्या कथेचे भय बाळगण्याचे कारण नाही. आमच्या माळकऱ्यांनी हरिपाठ सोडलेला नाही. उलट संध्याकाळी ते हरिपाठास बसले म्हणजे मनी मांडीशी येऊन बसते. यात मोह थोडा असेलही. प्रपंचात राहून शंभर टक्के निर्मोही दया कोणाला साधली आहे? दयेत मोहाचा अंश आहे म्हणून दयाच टाकून देणे, म्हणजे दुधात पाणी आहे म्हणून लेकराला उपाशी ठेवणे होय.

आता ऋणाचा विचार करू. रस्त्यावरच्या प्रत्येक मांजराचे ऋण आपल्यावर आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या दिवशी वाटीत दूध घातले, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, वर्षभर घातले, त्या दिवसांत कागदावर नसलेला एक शब्द दिला गेला. त्या शब्दाच्या भरवशावर त्या जिवाने शिकार सोडली, रस्त्याची रीत सोडली, दुसरे दार शोधले नाही. आता दात पडल्यावर त्याला "जा, तुझं तू बघ" म्हणणे हे वचनभंगाचे पाप आहे. तिने उंदीर मारले, धान्य राखले, म्हणून तिचे करायचे असेही नव्हे. तो व्यापार झाला. आपण दार उघडले, म्हणून करायचे.

आपल्याकडे एक गंमत आहे. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे सगळे मानतात, आणि त्या धाकाने मांजरावर कोणी सहसा काठी टाकीत नाही. पण तेच मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मंडईत सोडून येताना कोणास सोन्याची आठवण होत नाही. मारले नाही, नुसते सोडले! पण घरात वाढलेले म्हातारे मांजर परक्या जागी किती दिवस जगणार? भूक, तहान, कुत्री. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. कायद्याला जे दिसले ते माळ घातलेल्याला दिसू नये काय? "मांजर आपणहून मरायला निघून गेलं" असेही लोक सांगतात. आजारी मांजर आडोशाला लपते हे खरे; तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून आपण त्याला शोधू नये, असे मात्र त्यातून निघत नाही.

दक्षिणेतील वैष्णव आचार्यांनी शरणागतीसाठी मांजराचाच दृष्टांत घेतला आहे. माकडाचे पिलू आईला आपण घट्ट धरते, मांजराचे पिलू मात्र काही करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. देवाने आपल्याला असे उचलून न्यावे, ही आपली इच्छा. बरे, जी मांजरी एके काळी पिले उचलून फिरली, ती आता स्वतःच उचलून न्यावी लागेल अशी झाली. तिला उचलायचे म्हटले की आपण हिशेब काढतो, आणि देवाने आपल्याला मात्र बिनहिशेबी उचलावे, असे म्हणतो. हे कसे जमायचे?

पण हिशेब काढू नये असेही आमचे म्हणणे नाही. हिशेब न काढणारी दया फार दिवस टिकत नाही. ज्याची मिळकत ठरलेली आहे त्याने खर्चाचे तीन भाग करावे. पहिला भाग अवश्य खर्चाचा: अन्न, पाणी, वेदना शमवणारे औषध, आणि तातडीचा प्रसंग. बोक्याची लघवी तुंबली तर तो दोन-तीन दिवसांत जातो, तेव्हा अशा वेळी उद्यावर टाकू नये. दुसरा भाग ऐपतीचा: एकदा रक्त तपासणे, रोगाला योग्य असा आहार, सलाईन. तिसरा भाग म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, पुनःपुन्हा दवाखान्यात ठेवणे, नुसते चार दिवस लांबवणे. हा तिसरा भाग ज्याला परवडत नाही त्याने तो केला नाही म्हणून त्याच्या दयेत उणे आले, असे कोणी मानू नये, आणि त्यानेही स्वतःला दोष देत बसू नये. पहिल्या भागातून मात्र कोणाचीच सुटका नाही.

आम्ही एका जाणत्या पशुवैद्यांस याविषयी विचारले, तेव्हा कळले की गरिबाच्या हातात असलेले उपाय पुष्कळ आहेत, आणि ते बहुतेक फुकटचे आहेत. मांजर दुखणे लपवते. मूत्रपिंडाचे दोन तृतीयांशाहून अधिक काम थांबेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. म्हणून मांजर दहा वर्षांचे झाले की महिन्यातून एकदा पिशवीत बसवून वाण्याच्या काट्यावर वजन करावे. वजन घटू लागले, पाणी फार प्यायला लागले, मातीच्या पाटीतील ओल वाढली, तर लगेच दाखवावे. लवकर दाखवलेल्या दुखण्याला खर्च थोडा येतो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावी, अन्न ओलसर द्यावे. मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही, हेही आपल्या घरांत कोणाला ठाऊक नसते. दूध पाजून आपण पुण्य जोडतो आणि त्याला हगवण लागते. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. एकच गोळी त्याचा जीव घेऊ शकते. कातडीखाली सलाईन देणे डॉक्टरांकडून शिकून घेतले तर घरच्या घरी जमते, आणि दर खेपेची फी वाचते.

आणि डॉक्टरांस आपली ऐपत सांगण्यास लाजू नये. "आमच्याजवळ एवढेच आहेत, यात काय बसेल ते करा" असे म्हटले म्हणजे चांगला डॉक्टर वाईट मानीत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत. ते मुख्यतः गाईगुरांसाठी, पण तेथील डॉक्टर मांजरही तपासतात, आणि फी नाममात्र असते. मोठ्या तपासणीसाठी पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मुंबईस परळचे महाविद्यालय १८८६ सालचे; शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही आहेत. परळलाच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे, ते १८७४ साली निघालेली प्राणिरक्षक संस्था चालवते. पूर्वीच्या धनिकांनी मुक्या जिवांसाठी हे करून ठेवले, त्याचा गरिबाने संकोच न धरता लाभ घ्यावा.

येथे वारकऱ्याच्या घरची एक खास अडचण येते, तिच्याविषयी उघड बोलणे बरे. आपण माळकरी, घरात मांसमच्छी चालत नाही. मांजर तर जन्माने मांसाहारी. त्याच्या देहाला टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसातूनच मिळते. ते न मिळाले तर मांजर आंधळे होते. आणि त्याचे हृदय दुबळे होते, हेही १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. नुसत्या दूधभातावर ठेवलेले मांजर आपण सोवळे राखतो खरे, पण ते त्याच्या जिवावर. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार ही गोष्ट जुनी आहे. माळ तर कोणीच बांधू शकणार नाही. माळ ही समजून-उमजून घ्यायची असते. देवाने ज्याला जसे पोट दिले, त्याला तसे अन्न, हीही समदृष्टीच. बाजारात डबाबंद व कोरडे तयार अन्न मिळते, त्यात हे द्रव्य घातलेले असते. ते वेगळ्या भांड्यात, अंगणात द्यावे. ज्यांना तेही नको वाटते, त्यांनी मांजर पाळण्यापूर्वीच याचा विचार करावा, पाळल्यावर नव्हे.

आता सर्वांत जड गोष्ट. जेव्हा औषध चालेनासे होते, खाणे सुटते, आणि जीव नुसता कळवळतो, तेव्हा काय करावे? डॉक्टर म्हणतात, सुई देऊन सोडवू. १९६० च्या कायद्यातही, जिवंत ठेवणे हेच क्रूरपणाचे होईल अशा स्थितीत जनावराला हाल न करता मरण देण्यास वाट आहे. वारकऱ्याच्या हाताला मात्र कापरे भरते. आम्हांस विचाराल तर, पैसे संपले म्हणून किंवा घाण काढण्याचा कंटाळा आला म्हणून मरण देणे, ही हत्याच होय; तिला दयेचे नाव देऊ नये. वेदना कमी करणारे औषध बहुधा महाग नसते. ते देत, उबदार जागी निजवून, तोंड ओले करीत, शेवटपर्यंत जवळ बसावे, ही पहिली वाट. परंतु जेथे वेदना कशानेच आवरत नाही, आणि जाणता डॉक्टर तसे सांगतो, तेथे ज्याने रडत रडत ती सुई मान्य केली त्याला आम्ही पापी म्हणणार नाही. त्याने स्वतःच्या सुखासाठी काही केले नाही, हे पांडुरंग जाणतो. याहून अधिक सांगण्याचा अधिकार आमचा नाही.

राहिला भिशीचा डबा. पंढरीचा देव विटेवर का उभा आहे, हे आपण रोज आठवतो. पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांच्या सेवेत होता. दारी देव आला, तरी त्याने हातची सेवा टाकली नाही, वीट फेकली आणि थांब म्हणाला. आईबाप कोठे आणि मांजर कोठे, हे आम्हांस कळते. बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करीत नाही. पण हातात घेतलेली म्हाताऱ्या जिवाची सेवा अर्धी टाकून मला भेटायला या, असे सांगणारा हा देव नव्हे, एवढे तर त्या विटेवरून कळते. अरणच्या सावता महाराजांची गोष्ट तर आणखी जवळची. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत. देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते.

तथापि आमच्या माळकऱ्यांनी वारी सोडावी, असेही आमचे मत नाही. आम्ही त्यांना विचारले, "भिशी कशाची असते हो?" तंबूची, ट्रकची, दोन वेळच्या पंगतीची. वारीची भिशी नसते. वारी पायांची आणि मुखाची. सोलापुराहून पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर. आळंदीहून निघून अठरा-वीस दिवस चालणे यंदा जमले नाही, तर घरून निघून तीन-चार दिवसांत पायी पंढरी गाठता येते. भाकरी बांधून घ्यावी, देवळात निजावे, वाखरीला पालख्या भेटतील तेथे आपल्या दिंडीत सामील व्हावे. तेवढे दिवस मनीजवळ घरच्या माउली राहतील. डब्यातला पैसा मनीच्या औषधाला जाईल, आणि डब्यात आहे तेवढाच जाईल. त्यापुढे उसनवारी नाही. नेम राहिला, वचनही राहिले. सुटले काय? एकतीस वर्षांची टाळकऱ्यांच्या ओळीतली जागा, सोबत्यांची संगत, तंबूतला आराम. हे सोडणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. आयुष्यभराच्या संगतीसाठी डोळ्यांत पाणी येते. पण जे सुटते ते आपले सुख आहे, देव नव्हे. आणि दयेला कधीतरी आपल्या सुखातून किंमत द्यावी लागतेच. जी दया फुकट पडते, तिच्यात दयेचा कस लागतो कोठे?

शेवटी दिंडीप्रमुखांस आणि भजनी मंडळांस एक विनंती. एका म्हाताऱ्याच्या डब्यावर हा भार का पडावा? गावच्या मंडळाने एकादशीच्या भजनात एक लहानशी पेटी फिरवावी, मुक्या जिवांच्या औषधासाठी. मंडळात कोणी आठ दिवस बाहेर गेले तर त्याच्या जनावराला वाटीभर पाणी नि अन्न घालण्याची पाळी लावून घ्यावी. नवी पिले सांभाळण्याची ऐपत नसेल, तर मांजरीची शस्त्रक्रिया वेळीच करून घेण्यास एकमेकांस मदत करावी. म्हणजे दारोदार बेवारशी पिले व्हायची नाहीत. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, कारण प्रत्येकात तोच आहे असे म्हणतो. त्या "प्रत्येकात" कोणाकोणाला धरायचे, हे प्रत्येकाने आपल्या उंबऱ्याशी बसलेल्या जिवाकडे पाहून ठरवावे.

रामकृष्णहरी.